हिवाळ्यात जेवणाच्या टेबलाची सजावट : रानातले, परसातले आणि फडताळातले साहित्य

एल्बेकाठची (१५ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार. आम्ही सहा वर्षांपासून हांबुर्गमध्ये राहतो. येथे नोव्हेंबरच्या अखेरीस दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्याच सुमारास घरोघरी जेवणाच्या टेबलावर सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्यांचे एक हिरवे कडे येऊन बसते. त्यात चार मेणबत्त्या असतात. नाताळच्या आधीच्या चार रविवारी त्या एकेक करून वाढत्या संख्येने पेटवायच्या, असा रिवाज आहे. यंदाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आहे आणि दुसऱ्या रविवारी, म्हणजे ७ डिसेंबरला, आमच्याकडे शेजारचे एक वृद्ध जर्मन दांपत्य आणि दोन मराठी कुटुंबे जेवायला येणार आहेत.

बाजारात तयार कडी मिळतात. परंतु त्यांतली लाल फळे प्लास्टिकची असतात आणि डहाळ्यांवर चांदीचा रंग फवारलेला असतो. यंदा सजावट स्वतःच करावी, आणि तीही शक्यतो खाली पडलेल्या, वाळलेल्या किंवा घरातच असलेल्या वस्तूंची, असे मी ठरवले आहे. माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. घरात हीटर सतत चालू असल्यामुळे हिरवा पाला चार आठवडे टिकेल का, ही पहिली. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि हाती येईल ते तोंडात घालतो, ही दुसरी. तिसरी अशी की आपल्या जेवणात वाट्या, चटण्या, कोशिंबिरी एवढे काही असते की टेबलावर सजावटीला जागा उरत नाही. शिवाय त्यात आपल्याकडचे काही मिसळावे, की त्याची खिचडी होईल, हेही सांगावे.

खमंग (१५ नोव्हेंबर)

खिचडीविषयी असे तुच्छतेने बोलू नये. बाकीचे जाणकार सांगतीलच.

जर्सीकर (१५ नोव्हेंबर)

तिसऱ्या अडचणीचे उत्तर मी देऊ शकतो, कारण ती चूक मी केलेली आहे. तीन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने उंच फुलदाणीत लाल फळांच्या फांद्या लावून ती टेबलाच्या मधोमध ठेवली. माझी मेहुणी समोर बसली होती आणि जेवण संपेपर्यंत आम्ही दोघे कुंपणापलीकडून बोलावे तसे बोलत होतो. शेवटी तिनेच ती फुलदाणी उचलून फ्रिजवर ठेवली. तेव्हापासून मी एकच माप पाळतो. टेबलावर कोपर टेकवून मूठ उभी धरायची आणि कोणतीही वस्तू त्या मुठीच्या वर जाऊ द्यायची नाही. लांबट टेबल असेल तर गोल कड्याऐवजी मधून वीतभर रुंदीची एकच पट्टी करावी, म्हणजे दोन्ही बाजूंना ताटांना जागा राहते.

साहित्याविषयी सांगायचे, तर आमच्या रस्त्यावर स्वीटगमची झाडे आहेत. त्यांची काटेरी गोल फळे नोव्हेंबरमध्ये पदपथभर पडतात आणि अनवाणी चालणाऱ्याला जन्मभर लक्षात राहतात. ती वाळलेलीच असतात, झटकून घेतली की पुरे. आमच्याकडे एका काचेच्या वाडग्यात ती, अक्रोड आणि दालचिनीच्या कांड्या एवढेच असते आणि जानेवारीपर्यंत त्याला हात लावावा लागत नाही.

वनस्पतीवेडा (१६ नोव्हेंबर)

मी पुण्यात राहतो, तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे आणि मुलीकडे जर्मनीत दोन हिवाळे काढले आहेत. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पाला टिकणे हे बव्हंशी झाडाच्या निवडीवर अवलंबून असते. स्प्रूसच्या डहाळ्या स्वस्त मिळतात. पण उबदार खोलीत आठवड्याभरातच त्यांच्या सुया गळू लागतात आणि त्या वरणात सापडतात. नॉर्डमान फर आणि नोबल फर या दोहोंच्या सुया फांदी वाळली तरी बराच काळ चिकटून राहतात. तेथील फुलवाले कड्यासाठी नोबल फर पसंत करतात ते याचसाठी. ओळख सोपी आहे. स्प्रूसची सुई टोचते आणि ती खुडली की डहाळीवर बारीक खुंटी राहते. फरची सुई बोथट असते आणि खुडल्यावर सपाट गोल वण उरतो. कडे रात्री बंद खिडकीबाहेर किंवा गॅलरीत ठेवावे आणि केवळ जेवणापुरते आत आणावे. एवढ्याने त्याचे आयुष्य दुप्पट होते, असा माझ्या मुलीचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट शंकूंची. रानात खाली पडलेला लांबट शंकू उचलून लोक त्याला फरचा शंकू म्हणतात, तो फरचा नसतोच. फरचे शंकू फांदीवर मेणबत्तीसारखे उभे असतात आणि झाडावरच त्यांची खवले सुटून विखुरतात. अखंड शंकू खाली पडतो तो स्प्रूसचा किंवा पाइनचा. आपल्या हिमालयातला देवदारही झाडावरच विखुरतो, फक्त त्याच्या शंकूचा शेंडा गुलाबाच्या फुलासारखा अखंड खाली येतो. मनालीहून येताना पर्यटक पिशवी भरून आणतात, त्यांतला तो सर्वांत देखणा नमुना असतो.

रानातून आणलेल्या शंकूंत किडे असतात आणि चीकही असतो. ते तासभर १०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, जाड कागदावर पसरून ठेवावेत. किडे मरतात, चीक वितळून वर चकाकी येते आणि मिटलेले शंकू उघडतात. मात्र ओव्हनपासून हलू नये.

तिरकस (१६ नोव्हेंबर)

मला एक मूलभूत शंका आहे. ज्यांच्या घरी ताटाभोवती रांगोळीची महिरप काढायची परंपरा आहे, त्यांनी हांबुर्गच्या शेजाऱ्यांना त्यांचेच कडे करून दाखवण्यात काय स्वारस्य आहे? ते लोक हे कडे जन्मापासून पाहत आले आहेत. आपल्याकडे पान मांडण्याचीच सजावट होती. केळीचे पान, डाव्या-उजव्या बाजूचे ठरलेले पदार्थ, समई, उदबत्ती आणि भोवती रांगोळी, यापलीकडे कोणी टेबलावर वाळकी फळे मांडत नव्हते.

एल्बेकाठची (१६ नोव्हेंबर)

तिरकस, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो स्वतःलाही विचारला होता. शेजारच्या आजोबांना मी रांगोळी आधीच दाखवली आहे आणि त्यांना ती आवडते. परंतु डिसेंबरमध्ये येथे जो अंधार असतो, तो सहा वर्षे सोसल्यावर टेबलावरच्या त्या चार ज्योतींची गरज मलाही वाटू लागली आहे. ती आता केवळ त्यांची राहिलेली नाही. राहिला प्रश्न महिरपीचा, तर सुया आणि फळे टेबलावर वळणदार मांडली, तर त्यालाही महिरप म्हणता येईल.

जर्सीकर, मुठीचे माप मी लगेच करून पाहिले. माझी आवडती फुलदाणी बाद झाली.

नारळीबाग (१७ नोव्हेंबर)

मी वसईचा. आमच्याकडे या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. चर्चमध्ये वेदीजवळ असेच कडे असते. त्यात तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी असते, आणि गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी पेटते. तेव्हा हे कडे मराठी घरांना अगदीच परके आहे, असे तिरकस यांनी समजू नये.

धागाकर्तीचे शहर हांबुर्ग आहे म्हणून मुद्दाम लिहितो. हे कडे त्यांच्याच शहरात जन्मले. योहान हिनरिक विकर्न नावाचे धर्मोपदेशक तेथे गरीब मुलांसाठी राउहेस हाउस ही संस्था चालवत होते. नाताळ कधी येणार, हा मुलांचा रोजचा प्रश्न असे. म्हणून १८३९ साली त्यांनी एका जुन्या गाडीच्या चाकावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान आणि रविवारी मोठी पेटवायची, म्हणजे मुलांना दिवस मोजता येत. डहाळ्यांची हिरवाई त्यावर नंतर चढली आणि घराच्या टेबलावर मावावे म्हणून मेणबत्त्या चारच उरल्या. त्यामुळे हे मुळात मुलांचे दिवस मोजण्याचे साधन आहे, असे मी मानतो, आणि ज्या घरात अडीच वर्षांचे मूल आहे तेथे ते शोभतेच.

आमच्या लहानपणी फरच्या डहाळ्या मिळण्याचा प्रश्नच नव्हता. किनाऱ्यावरच्या सुरूच्या गळून पडलेल्या फांद्या आणायच्या आणि त्यांनाच नाताळचे झाड समजायचे. फांद्या रोवण्यासाठी केळीचे खोड वापरत असू. घड उतरवला की खोड तसेही कापायचे असते. त्याचे सहा बोटे जाडीचे तुकडे करून थाळीत उभे ठेवले की त्यांत फुलांचे देठ सहज खोचता येतात आणि आतल्या ओलाव्यावर फुले चार-पाच दिवस ताजी राहतात. फुलवाले ज्याला ओॲसिस म्हणतात तो हिरवा स्पंज प्लास्टिकचाच प्रकार आहे. त्याचा चुरा ना कुजतो ना खत होतो. केळीचे खोड मात्र खड्ड्यात टाकले की संपले. एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे : खालच्या कापडावर केळीचा रस सांडू देऊ नका, तो डाग जन्मात निघत नाही.

वनस्पतीवेडा (१७ नोव्हेंबर)

नारळीबाग यांच्या सुरूविषयी एक पुस्ती जोडतो. सुरू दिसतो सूचिपर्णी. पण तो पाइनचा नातेवाईक नाही, तो सपुष्प वनस्पती आहे. आपण ज्यांना सुया समजतो त्या त्याच्या हिरव्या कोवळ्या काड्या असतात आणि खरी पाने त्यांच्या पेरांवर दात्यांसारखी बारीक असतात. त्याची बोराएवढी फळे मात्र हुबेहूब छोट्या शंकूसारखी असतात. पुण्यामुंबईकडच्या सदस्यांनी अलिबाग किंवा दापोलीच्या किनाऱ्यावरून तीच ओंजळभर आणावीत.

चुलीपाशी (१८ नोव्हेंबर)

वनस्पतीवेडा काका, तासभर ओव्हन एका ओंजळभर शंकूंसाठी चालवणे मला पटत नाही. त्यातच लोक संत्र्याच्या चकत्या वाळवतात, त्याला चार-चार तास लागतात. खायची फळे वाळवून टेबलावर ठेवायची आणि जानेवारीत कचऱ्यात टाकायची, याला नैसर्गिक सजावट म्हणवत नाही. माझ्या सासूबाईंनी मी लवंगा टोचलेले संत्रे पाहून एवढेच विचारले होते की, या लवंगा मसाल्यासाठी उरल्या आहेत का.

पऱ्हाटी (१८ नोव्हेंबर)

चुलीपाशी ताई, मी नागपूर जिल्ह्यातली आहे आणि संत्र्याच्या बाबतीत मला बोलणे भाग आहे. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत निघतात आणि दरवर्षी आमच्या बागेत डागी, फुटकी, खाण्याजोगी न उरलेली फळे पोत्यांनी असतात. ती वाळवण्यात कसली नासाडी? मात्र मी प्रामाणिकपणे सांगते, की नागपुरी संत्रे या कामाला चालत नाही. त्याचे साल सैल असते, त्यामुळे चकती कापली की साल एकीकडे आणि फोडी दुसरीकडे होतात. घट्ट सालीचे संत्रे किंवा मोसंबीच घ्यावी. चकत्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या कापून, कापडाने टिपून, ८० ते १०० अंशांवर ठेवाव्यात. ओव्हनच्या दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवावी, म्हणजे वाफ निघून जाते. जर्मनीत हीटर दिवसभर चालूच असतो, तेव्हा चकत्या जाळीवर पसरून हीटरवर ठेवल्या, तर वेगळी वीजही लागणार नाही. आम्ही तर थेट गच्चीवर उन्हात ठेवतो.

आता माझ्या नावाविषयी. पऱ्हाटी म्हणजे कापसाचे वाळलेले झाड. आमच्याकडे ती चुलीत जाते. गेल्या वर्षी माझ्या भावाने परदेशातल्या एका फुलांच्या दुकानातला फोटो पाठवला, त्यात बोंडे फुटलेली पऱ्हाटीची एक काडी काचेच्या नळीत उभी करून विकायला ठेवली होती. किंमत वाचून आईने पदर तोंडाला लावला. त्यानंतर मीही दिवाळीनंतर चार चांगल्या काड्या निवडून ठेवते. उमललेल्या बोंडांचा कापूस, खालचे तपकिरी पाकळ्यांसारखे टरफल आणि वेडीवाकडी काडी, एवढे टेबलावर आडवे ठेवले की दुसरे काही लागत नाही. पण एक नियम मी पाळते. गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांतच दडून पुढचा हंगाम गाठते. म्हणून पूर्ण न फुटलेली, किडकी बोंडे घरात ठेवत नाही आणि सजावट झाली की काड्या जाळून टाकते. शेतकऱ्याच्या घरात ही काळजी घ्यावीच लागते.

द्राक्षवेल (१८ नोव्हेंबर)

आमच्या निफाड भागात ऑक्टोबर छाटणीच्या काड्यांचे बांधावर ढीग लागतात. ओल्या असतानाच त्या तीन-चार एकत्र पिळून कडे वळवावे आणि सावलीत वाळू द्यावे. तारेशिवाय ते वर्षानुवर्षे टिकते आणि दर हिवाळ्यात वरची सजावट तेवढी बदलावी.

मेलबर्नची माळीण (१९ नोव्हेंबर)

आमच्याकडे आता उन्हाळा लागत आहे, त्यामुळे मी हा धागा पंखा लावून वाचत आहे. आमची टेबलाची हिवाळी सजावट जुलैत होते आणि तीत निलगिरीची फळे व बँक्सियाचे लाकडी शंकू असतात. बँक्सियाच्या कित्येक जाती अशा आहेत की वणव्याची आच लागल्याशिवाय त्यांची फळे उघडतच नाहीत, त्यामुळे त्यांना तुमच्या ओव्हनचे अप्रूप वाटणार नाही. भारतातून येणाऱ्यांना एक विनंती आहे. शेंगा, बिया, शंकू बॅगेत घालून आणू नका. मी एकदा टेटूच्या शेंगा आणल्या होत्या. विमानतळावर अर्जात नोंद केली म्हणून दंड वाचला, परंतु शेंगा तेथेच राहिल्या, आणि ते योग्यच झाले. सजावट जेथे राहतो तेथल्या झाडांची करावी, हे मी त्या दिवशी शिकले.

शेवंती (१९ नोव्हेंबर)

इतक्या प्रतिसादांत मार्गशीर्षातल्या गुरुवारांची आठवण कोणालाच कशी झाली नाही? आपल्याकडेही याच दिवसांत महालक्ष्मीच्या व्रताचे चार गुरुवार असतात. चौरंगावर कलश, त्यात पाच प्रकारच्या झाडांच्या डहाळ्या, वर नारळ आणि समोर फळे मांडतात. मुंबईत बुधवारी संध्याकाळी स्टेशनबाहेर त्या पाच डहाळ्यांच्या जुड्या विकायला बसलेल्या असतात. तेथे चार रविवार, येथे चार गुरुवार. तेथे फर, येथे आंबा, पेरू, चिकू, जे काही परसात असेल ते. मला दोन्हींत धर्म एक आहे असे म्हणायचे नाही. परंतु वर्षाच्या या काळात घरात हिरवी डहाळी आणावी, ही ओढ मात्र सारखी दिसते. खिचडी होईल का, या प्रश्नाला माझे उत्तर असे, की देवाजवळची मांडणी देवाजवळ आणि जेवणाची जेवणाजवळ ठेवावी. त्यांत सरमिसळ नको.

नारळीबाग (२० नोव्हेंबर)

शेवंती ताई, आणखी एक साम्य तुम्हाला आवडेल. आम्ही नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी आठ-दहा दिवस आधी उथळ थाळीत नाचणी पेरतो आणि तिचे कोवळे हिरवे गवत देखाव्यात ठेवतो. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ४ डिसेंबरला, म्हणजे संत बार्बराच्या दिवशी, बश्यांत गहू पेरून तो नाताळच्या टेबलावर ठेवतात. आपल्या घटस्थापनेतल्या धान्याची ही सख्खी बहीण आहे. एल्बेकाठची ताई, तुम्ही २७ नोव्हेंबरच्या सुमारास गहू पेरलात तर ७ तारखेला वीतभर नाही तरी चार बोटे हिरवळ नक्की मिळेल, आणि ती तुमच्या मुलाने खाल्ली तरी काही बिघडणार नाही.

खमंग (२० नोव्हेंबर)

सर्वांत सुरक्षित सजावट म्हणजे कोथिंबिरीची जुडी. पाण्यात उभी केली की हिरवीगार दिसते आणि जेवण सुरू होण्यापूर्वी आमटीत पडते.

वनस्पतीवेडा (२० नोव्हेंबर)

मुलाचा विषय निघाला आहे, तर तो विनोदावर सोडून देता येणार नाही. हांबुर्गच्या कुंपणांतून आणि कबरस्तानांतून यू नावाचे गर्द हिरवे झाड सर्रास असते. त्याच्या लाल फळाचा मऊ गर सोडला, तर पाने, साल आणि आतली बी हे सगळे जबर विषारी आहे. डहाळी फरसारखी दिसते, म्हणून चुकून आणली जाते. हॉलीची लाल फळे, आयव्हीची काळी फळे आणि मिसलटोची पांढरी फळेही मुलाच्या हाती लागता कामा नयेत. हॉली तर जर्मनीत संरक्षित वनस्पती आहे, रानातून तोडूच नये. लाल रंग हवाच असेल, तर रानगुलाबाची फळे आणावीत. ती खाण्याजोगी असतात; फक्त फोडू नयेत, आतले केस खाजकुयलीसारखे काम करतात. आपल्याकडच्या मंडळींनी गुंजा वापरण्याचा मोह टाळावा. दिसायला त्यांच्यासारखे लाल-काळे रत्न नाही. पण एक चावलेली गुंजसुद्धा मुलाच्या जिवावर बेतू शकते.

मिसलटोविषयी जाता जाता. ते आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाचे दूरचे नातलग आहे. ज्याच्याखाली युरोपातली जोडपी चुंबन घेतात, त्याला आपण फुकट्या पाहुण्याची उपमा देतो.

तिरकस (२१ नोव्हेंबर)

बांडगुळाखाली उभे राहून चुंबन घेण्यापेक्षा आमची महिरप बरी, या मतावर मी आता अधिक ठाम झालो आहे. तरी मेणबत्त्यांविषयी कोणी बोललेले नाही. चौथ्या रविवारपर्यंत डहाळ्या ठणठणीत वाळलेल्या असणार आणि मेणबत्ती बुडाशी आलेली असणार. तेव्हा काय करायचे?

शेवंती (२१ नोव्हेंबर)

तिरकस भाऊ पहिल्यांदाच उपयोगाचे बोलले. समई आपण ताम्हनात ठेवतो, ती उगीच नाही. पितळी परातीत दोन बोटे ओली वाळू पसरावी, मेणबत्त्या त्यात घट्ट रोवाव्यात आणि डहाळ्यांची टोके त्याच वाळूत खोचावीत. डहाळ्यांना ओल मिळते, मेणबत्ती कलंडत नाही, मेण कापडावर सांडत नाही, आणि ज्योत खाली आली तर तिला वाळू भेटते. मेणबत्तीभोवती दालचिनी किंवा वाळलेली चकती बांधण्याची जी पद्धत चित्रांत दिसते, ती मेणबत्ती कधीच न पेटवणाऱ्यांसाठी आहे. परात काळवंडली, तर चिंचेने उजळते.

एल्बेकाठची (२३ नोव्हेंबर)

परातीची कल्पना वाचून मी उडीच मारली, कारण आजीची पितळी परात माझ्याकडे आहे आणि सहा वर्षे ती कपाटावर धूळ खात पडली आहे. वाळू खेळाच्या दुकानातून आणली. नॉर्डमान फरच्या डहाळ्या शनिवारच्या बाजारातल्या फुलवाल्याने कापून उरलेल्या म्हणून फुकट दिल्या. शंकू मात्र उद्यानातून आम्ही मायलेकांनी वेचले, ओव्हनमध्ये ठेवले, ते सुंदर उमलले, आणि वनस्पतीवेडा काकांच्या सल्ल्याप्रमाणे सगळे सामान रात्री गॅलरीत ठेवले. सकाळी पाहते तो सगळे शंकू मिटलेले! ही काय भानगड आहे?

वनस्पतीवेडा (२३ नोव्हेंबर)

माझीच चूक झाली. केवळ पाला बाहेर ठेवावा, असे स्पष्ट लिहायला हवे होते. शंकूच्या प्रत्येक खवल्यात दोन थर असतात. हवेत ओल आली की बाहेरचा थर आतल्यापेक्षा अधिक फुगतो आणि खवले आत वळते. कोरड्या हवेत ते पुन्हा बाहेर वळते. बी कोरड्या दिवशी वाऱ्यावर जावे, यासाठी ही व्यवस्था आहे, आणि शंकू मेलेला असला तरी ती चालूच राहते. माझ्याकडे नैनितालहून आणलेले शंकू आहेत. ते पुण्यात दर पावसाळ्यात मिटतात आणि ऑक्टोबरात उघडतात. खोलीत आणून ठेवा, काही तासांत उमलतील, पुन्हा ओव्हन नको.

चुलीपाशी (२४ नोव्हेंबर)

म्हणजे ओव्हन न लावता, फक्त खोलीत ठेवूनही ते उमलले असते. माझा मुद्दा मी मागे घेत नाही.

वनस्पतीवेडा (२४ नोव्हेंबर)

उमलले असते, हे खरे आहे. किडेही उमलले असते.

एल्बेकाठची (८ डिसेंबर)

काल जेवण झाले. वृत्तान्त लिहिते.

टेबलाच्या मधोमध परात, ओल्या वाळूत मधमाश्यांच्या मेणाच्या चार मेणबत्त्या, भोवती डहाळ्या आणि रानगुलाबाची फळे. गव्हाचे गवत दोन वाट्यांत दोन टोकांना ठेवले. मुठीच्या मापात सगळे बसले. संत्र्याच्या चकत्या हीटरवर दोन दिवसांत चांगल्या वाळल्या. त्यांना प्रत्येक ताटापाशी एकेक ठेवून त्यावर नावाची चिठ्ठी लावली. तिरकस यांच्यासाठी सांगते, की परातीभोवती पांढऱ्या तांदळाच्या पिठाची बारीक महिरप काढली होती, आणि आजोबांनी मेणबत्तीपेक्षा तीच जास्त वेळ पाहिली. आजी परात बोटाने वाजवून पाहत होत्या. विकर्नच्या चाकाची गोष्ट त्यांना ठाऊक होती. ती एका वसईकराने मला सांगितली, हे ऐकून त्यांना मौज वाटली.

दोन फजित्या झाल्या. आमटीच्या वाफेने की काय, चकत्या जेवण संपेपर्यंत मऊ आणि चिकट झाल्या, आणि माझ्या चिरंजीवांनी स्वतःची चाटून पाहून दुसऱ्या पाहुण्यांच्याही गोळा केल्या. दुसरी फजिती माझी. हिरवे गवत सुंदर दिसत होते, म्हणून पाहुण्यांपैकी एकाने ते कोशिंबिरीवर भुरभुरायचे आहे असे समजून कात्री मागितली. मी दिली.

४ तारखेला शेजारच्या आजींनी चेरीची एक फांदी आणून दिली होती. संत बार्बराच्या दिवशी कापलेली फांदी पाण्यात ठेवली की नाताळला फुलते, असे त्या म्हणाल्या. परातीमागे खिडकीत ती ठेवली आहे.

पऱ्हाटी (८ डिसेंबर)

चकत्या पुन्हा हीटरवर टाका, कडक होतील. आणि पुढच्या वर्षी बोंडांची काडी कोणाबरोबर पाठवायची, ते कळवा. मेलबर्नच्या ताईंचे ऐकून आधी नियम पाहून घेईन.

एल्बेकाठची (२४ डिसेंबर)

चारही मेणबत्त्या पेटल्या आहेत, सुया अजून गळलेल्या नाहीत. परंतु चेरीच्या फांदीला एकही फूल आलेले नाही. त्याऐवजी कोवळी हिरवी पाने फुटली आहेत. आजींची फांदी मात्र पांढरी झाली आहे. पाणी मी दर तीन दिवसांनी बदलत होते. माझे काय चुकले?

वनस्पतीवेडा (२४ डिसेंबर)

तुमचे काहीच चुकले नाही. चेरीच्या फांदीवर दोन प्रकारचे कळे असतात. आखूड खुंट्यांवर झुपक्याने असतात ते गोलसर, फुगीर कळे फुलांचे. लांब सरळ फांदीवर एकेकटे, टोकदार असतात ते पानांचे. तुम्हाला आलेली फांदी यंदाची सरळ वाढलेली असणार. पुढच्या ४ डिसेंबरला आजींबरोबर झाडापाशी स्वतः जा आणि फुगीर कळे पाहून फांदी निवडा.

खमंग (२४ डिसेंबर)

पाने आली आहेत, तर आता कात्री कोणाच्याही हाती देऊ नका.